रायपूरने काय वेगळे ठेवले

विकास आराखड्याच्या नकाशात निवासी भाग पिवळा, व्यापारी निळा आणि औद्योगिक जांभळा रंगवण्याची आपल्याकडे रीत आहे. या रंगांमागची मूळ काळजी आरोग्याची होती. कारखान्याचा धूर माणसाच्या उशाशी येऊ नये. पण या विचारात सुरुवातीपासूनच दुसरे काहीतरी मिसळले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली ओहायोतील युक्लिड गावाचे विभागवार नियम वैध ठरवले. त्यात कारखान्यांबरोबर भाडेकरूंच्या बहुमजली इमारतींनाही बंगल्यांपासून दूर ठेवायला मान्यता मिळाली. अपायकारक काय आणि केवळ नकोसे काय, हा फरक तिथेच पुसला गेला. रायपूरकडे पाहताना तो फरक मला महत्त्वाचा वाटतो. जे वेगळे ठेवायला हवे होते ते या शहराने एकत्र येऊ दिले, आणि जे सुखाने एकत्र नांदत होते ते तोडण्यावर भर दिला.

शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत, रोलिंग मिल आहेत. कागदावर त्यांची हद्द नेमकी आखलेली आहे. पण उरलाला लागूनच बिरगाव आहे. कामगारांच्या वस्तीने ते इतके वाढले की आज तिथे स्वतंत्र महानगरपालिका आहे. गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीवर काळी भुकटी बसते, आणि वारा फिरला की ती रायपूरच्या वस्त्यांमध्येही पोचते. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत भिलाई आणि कोरब्याबरोबर रायपूरचेही नाव आहे. धुराला हद्द कळत नाही, हे खरेच. पण प्रश्न तेवढाच नाही. कारखान्याला जागा नेमून देताना, तिथे राबणाऱ्याने कुठे राहायचे याचे त्याच्या पगारात बसेल असे उत्तर कोणी दिले नाही. पाळी संपल्यावर सायकलने घरी पोचता येईल अशीच खोली माणूस शोधणार. ती धुरातच मिळाली.

याउलट जुन्या शहरातले तात्यापारा, सदर बाजार, पुरानी बस्ती हे भाग. मराठी कुटुंबांची जुनी वस्ती असलेल्या तात्यापाऱ्यात काय किंवा सराफ्यात काय, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही शहराची जुनी घडण. तिचे हालही आहेत. शारदा चौक ते तात्यापारा रस्ता रुंद करण्याची मागणी वर्षानुवर्षे रेंगाळली आहे. तरीही या गल्ल्यांत म्हातारा माणूस औषध, भाजी, देऊळ सगळे पायी गाठतो. आता नवा रायपूर पाहा. जुन्या शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, माणसे येण्याआधीच नकाशा आखून ते वसवायला घेतले. २०१२ मध्ये राज्याचे मंत्रालय तिकडे हलले. कचेऱ्या एकीकडे, घरे दुसरीकडे, बाजार तिसरीकडे. कर्मचारी मात्र राहिले रायपुरातच आणि रोज बसने ये-जा करू लागले. रुंद, स्वच्छ रस्ते संध्याकाळी रिकामे पडत. इतकी शिस्त कोणासाठी होती?

मिश्र वापरालाही मर्यादा हवी, हे मला मान्य आहे. शांत कॉलनीत एखाद्या घराचे रुग्णालय किंवा कोचिंग क्लास झाला की शेजाऱ्यांच्या दारात गाड्या उभ्या राहतात, जनरेटर धडधडतो. नियम तिथेच कामाला यायला हवा. पण छत्तीसगडमध्ये २००२ पासून अनधिकृत विकास नियमित करण्याचा कायदा आहे आणि तो वेळोवेळी सैल होत गेला आहे. पैसे भरले की वापर अधिकृत होतो. गाड्या तिथेच, जनरेटर तिथेच. फक्त शेजाऱ्याचा तक्रारीचा हक्क संपतो. शहराबाहेर शेतांवर होणाऱ्या अवैध प्लॉटिंगमागेही पुढेमागे सगळे नियमित होईल हाच भरवसा असतो.

आणि दाद मागतो कोण? जमिनी घेऊन भूखंड पाडणाऱ्या रायपूरच्या कमल विहार नगरविकास योजनेविरुद्ध जमीनमालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. विकसित भूखंडाच्या रूपाने पस्तीस टक्केच जमीन परत मिळणार होती. २०१५ मध्ये न्यायालयाने अपील करणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तो लढा न्याय्य होता. पण तो लढता आला, कारण त्यांच्या नावावर खसरा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा क्रमांक होता. १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम आराखड्याच्या मसुद्यावर हरकती मागवतो, तेव्हा बहुतेक हरकती जमिनीच्या तुकड्याविषयी येतात: माझे शेत शेतीच्या हिरव्यातून निवासी पिवळ्यात घाला. बिरगावातल्या भाडेकरूकडे खसरा नाही; त्याच्याकडे फक्त खोकला आहे, आणि अर्जाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नसतो.

म्हणून रायपूरच्या पुढच्या आराखड्याची सुनावणी कचेरीच्या वेळेत, कचेरीतच उरकू नये. ती बिरगावात व्हावी, रविवारी किंवा पाळी सुटल्यावर, भट्ट्यांच्या चिमण्या दिसतील अशा ठिकाणी. भाडेकरूची हरकत जमीनमालकाच्या हरकतीइतकीच नोंदवली जावी आणि तिला लेखी उत्तर मिळावे.