जुळलेली तेरीज

धर्मराजाने अर्धसत्य बोलून खोटे पटवले आणि त्याचा रथ चार बोटे खाली आला. शाळेत याच्या नेमके उलटे चालते. तिथे खोटा पुरावा दाखवून खरे पटवतात आणि रथ जागच्या जागी राहतो!

हा पुरावा तुम्हीही पाहिला असेल. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून उपडा पेला. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढते. 'बघा, ऑक्सिजन जळला, त्याची जागा पाण्याने घेतली. म्हणून हवेत ऑक्सिजन एक पंचमांश!'

आता हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, हे खरेच. पण मेणबत्ती तो संपण्याच्या पुष्कळ आधी मान टाकते, आणि जो जळतो त्याची बरीचशी जागा कार्बन डायऑक्साइड बळकावतो. पाणी चढते त्याचे मुख्य कारण निराळेच. ज्योतीने तापून फुगलेली हवा पेल्यात कोंडली जाते. ज्योत विझली की ती निवते, आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. वायू तापला की फुगतो, हे गे-ल्युसॅकने १८०२ सालीच मांडून ठेवले आहे.

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या शेजारच्या मुलीने आमच्याच ओट्यावर एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पेला तोच, पाणी मात्र जास्त चढले.

"काका, हवेतला ऑक्सिजन वाढला का हो?"

मीरा रोडच्या हवेत काहीही वाढू शकते, पण ऑक्सिजन? म्हटले, "बाईंना विचार."

"विचारलं. म्हणाल्या, परीक्षेत एक पंचमांशच लिही."

उत्तर बरोबर आहे, हीच तर पंचाईत! आम्हा कॉमर्सवाल्यांना हा रोग ओळखीचा. नावेला १०० रुपये कमी पडले आणि जमेलाही १०० कमी पडले, की तेरीज झकास जुळते. म्हणून ऑडिटर जुळलेल्या बेरजेला नमस्कार करून घरी जात नाही, व्हाऊचर मागतो.

कुणी म्हणेल, मुलांना खरे कळले ना, मग वाटेची चौकशी कशाला? कारण मूल नुसते उत्तर शिकत नाही. पुरावा कशाला म्हणायचे, तेही शिकते. आज खोटे व्हाऊचर चालवून घेतले, तर उद्या पैसे दामदुप्पट करून देणारा तसलेच व्हाऊचर दाखवील. तेव्हा उत्तरही खोटे असेल.

मुलीने चौथी मेणबत्ती मागितली. मी दिली. सौ. म्हणाली, "आणि रात्री वीज गेली तर?"

हाही गहन प्रश्नच. पण त्याचे उत्तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळते.