दाराबाहेरचा शेजारी

वाचावयाचा भाग: लूक ६:१२-१६



प्रभु येशूनें सारी रात्र डोंगरावर प्रार्थनेंत घालविली आणि उजाडल्यावर बारा शिष्य निवडले. त्या यादींत मत्तय व शिमोन हीं दोन नांवें एकाच वचनांत आढळतात. मत्तय जकातदार, सत्तेची वसुली करून पोट भरणारा. शिमोनास जिलोत म्हणजे आवेशी म्हणत. स्वराष्ट्राच्या अभिमानानें पेटलेल्या मनुष्याचें तें नांव. पहिल्यास आपल्या लोकांत मान नव्हता, दुसऱ्यास परक्या राज्यांत वाव नव्हता. असे हे दोन परस्परविरोधी, दाराबाहेरचे पुरुष प्रभूनें एका पंक्तीस बसविले. आधीं वाद मिटवा, मग माझ्यामागें या, अशी अट त्यानें घातल्याचें शुभवर्तमानांत कोठेंही नाहीं.

हा धडा आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस फार जवळचा आहे. मे १९४९ मध्यें संविधानसभेनें धर्मावरून राखीव जागा ठेवूं नयेत असें ठरविलें. सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते, आणि त्यांनीं ह्या निर्णयास मनापासून पाठिंबा दिला. शेजाऱ्यावर विश्वास ठेवून केलेला तो त्याग होता. पुढें १० ऑगस्ट १९५० रोजीं राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयींचा हुकूम निघाला. हिंदु धर्माहून निराळा धर्म पाळणारा मनुष्य अनुसूचित जातीचा गणला जाणार नाहीं, असें त्यानें ठरविलें. १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस त्यांत घेण्यांत आलें. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले.

ह्याचा अर्थ आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. एकाच आजोबाचे दोन नातू एकाच वस्तींत राहतात. गांव दोघांस एकाच नांवानें ओळखतें आणि एकाच नांवानें हिणवतें. परंतु पंचायतीच्या अनुसूचित जातींकरितां राखीव जागेवर एक उभा राहूं शकतो, दुसरा नाहीं. अत्याचार झाला तर १९८९ च्या कायद्याचें कवच एकास मिळतें, दुसऱ्यास नाहीं. धर्म बदलला म्हणून गांवानें जात विसरली काय? हें दुःख खरें आहे, आणि तें बोलून दाखविणें हें अविश्वासाचें लक्षण नव्हे.

परंतु ह्या दुःखांतून एक मोह उत्पन्न होतो. आपणांस आंत येऊं न देणारा तो शेजारीच, असें मन म्हणूं लागतें. येथें थांबावें. आमचे बौद्ध बांधव १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉक्टर आंबेडकरांबरोबर नव्या मार्गास लागले. राज्याच्या कांहीं सवलती त्यांस आधीं मिळाल्या, तरी ह्या यादीचें दार उघडण्यास १९९० साल उजाडावें लागलें. चौतीस वर्षें तेही बाहेरच उभे होते. आज आमच्या मागणीनें त्यांतील कोणाच्या कपाळास आंठी पडली, तर ती कृपणाची आंठी समजूं नये. भाकरी तेवढीच, आणि ताटें वाढणार, हें भय उपाशी राहिलेल्यासच अधिक वाटतें. तें भय खोटें ठरविण्यापूर्वीं आम्ही तें ऐकून घेतलें पाहिजे.

तर आम्हीं काय करावें?

पहिली गोष्ट, न्याय मागावा. पौलानें आपलें रोमी नागरिकत्व लपविलें नाहीं. त्यानें कैसराकडे दाद मागितली. रंगनाथ मिश्र आयोगानें २००७ मध्यें धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली, आणि २०२२ मध्यें ह्याच प्रश्नाकरितां नवा आयोग नेमला गेला. दाद मागणें सनदशीर आहे व धर्म्यही आहे.

दुसरी गोष्ट, मागतांना शेजाऱ्याचा वाटा कमी करून मागूं नये. एकूण वाटाच वाढावा, अशी मागणी दोघांनीं मिळून करावी. उपदेशकांनीं पारावर त्याच्याशीं वाद घालण्याआधीं त्यास विचारावें कीं, तुमचीं तीं चौतीस वर्षें कशीं गेलीं? जो हें विचारील, त्याचेंही दुःख कोणीतरी विचारील.

तिसरी गोष्ट, आपल्या मंदिराचें दार पाहावें. तेथें आडनांवावरून पंगत बसत असेल, किंवा सोयरीक जमवितांना जुनी जात विचारली जात असेल, तर सरकारच्या दाराशीं आमचा शब्द जड कसा होणार?

मत्तयानें शिमोनाचा पक्ष धरला किंवा शिमोनानें मत्तयाचा, असें लिहिलेलें नाहीं. परंतु प्रभु उठल्यावर यरुशलेमेंतील माडीवर प्रार्थना करणाऱ्यांत दोघेही होते, हें प्रेषितांचीं कृत्यें सांगतात. येत्या रविवारीं उपासनेनंतर प्रत्येक कुटुंबानें आपल्याहून निराळें मत देणाऱ्या एका घरीं जावें, ओट्यावर बसावें आणि आधीं ऐकावें. न्यायाकरितां धीर आणि शेजाऱ्याकरितां प्रीति हीं दोन्हीं प्रभु आम्हांस देवो. आमेन.