मेल्यावरची भिंत

चिंतामणी गणपतीच्या आगमनाला मुंबईच्या चिंचपोकळीत पाय ठेवायला जागा नसते. त्याच चिंचपोकळीत ज्यूंचं एक कब्रस्तान आहे, हे त्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक असतं? विचाराल तर कोणी ‘ख्रिश्चनांचं असेल’ म्हणेल, कोणी ‘पारशांचं’. एलियास डेव्हिड ससून यांनी १८७८ साली आपल्या मुलाच्या, जोसेफच्या स्मरणार्थ ते उभारलं. मुळात ते बगदादहून आलेल्या व्यापारी ज्यूंचं. पुढे त्यांच्या शेजारी ज्यांचा बगदादशी काडीचा संबंध नव्हता अशीही माणसं येऊन निजली. हिटलरच्या राज्यातून जीव वाचवून आलेली.

ती आली तीही कोणाच्या तरी हमीवर. मुंबईत १९३४ साली ज्युईश रिलीफ असोसिएशन निघाली. येणाऱ्याचा भार सरकारवर पडणार नाही, असं लिहून द्यायला ती उभी राहिली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि इंग्रजांनी यांच्यातल्या कितीतरी जणांना जर्मन, ऑस्ट्रियन म्हणून, म्हणजे शत्रूराष्ट्राची माणसं म्हणून, अहमदनगरच्या छावणीत नेऊन बसवलं. ज्या देशानं हाकललं, त्याच देशाचा शिक्का कपाळी!

नाव कमावलेले आपल्याला आठवतात. आकाशवाणीची ती पहाटेची धून वॉल्टर कॉफमनची, हे आता बरेच जण सांगतात. चित्रकारांच्या गप्पांत रुडॉल्फ फॉन लेडनचं नाव निघतं. पण सगळेच निर्वासित काही कॉफमन नसतात. साधी माणसं इथे आजारानं गेली, म्हातारपणानं गेली. मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी युद्धानंतर दुसरे देश गाठले. ज्यूंच्या ‘कद्दिश’ या मृतांसाठीच्या प्रार्थनेला परंपरेनं दहा प्रौढ पुरुष लागतात. या निर्वासितांच्या घरचे असे दहा आजच्या मुंबईत जमवणं सोपं नाही.

आसरा दिल्याचा आपल्याला अभिमान फार. २०२४ साली पंतप्रधान कोल्हापूरजवळच्या वळिवड्यातल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीच्या वॉर्सामधल्या स्मारकापाशी गेले, तेव्हा कोल्हापूरकरांची छाती फुगली. फुगावीच. पण इथल्या मातीत निजलेल्यांचं कोण करतं? ‘त्यांचे लोक बघतील’ हे आपलं ठरलेलं उत्तर. त्यांचे लोक म्हणजे कोण?

बेने इस्रायली ज्यू तर आपल्यातलेच. अलिबागजवळच्या नवगावची आठवण सांगणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. घरात मराठी, आडनावं पेणकर, दिवेकर, राजपूरकर. आणि १८३६ साली मुंबईच्या बगदादी ज्यूंनी सरकारकडे अर्ज केला, की तेव्हाच्या सामाईक कब्रस्तानात आमच्या आणि यांच्या मध्ये भिंत हवी. धर्म एक, प्रार्थना एक, तरी मेल्यावर शेजार नको.

हसू नका. माझ्या आजोळी आजही दोन स्मशानं आहेत आणि पत्र्याची शेड एकावरच आहे. पावसाळ्यात खालच्या वस्तीतली माणसं चितेवर ताडपत्री धरून उभी राहायची, चौघं चार कोपऱ्यांना. लहानपणी मी ते पाहिलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, याची आता लाज वाटते. रक्त बघून माणूस वेगळा काढायचा, हेच तर बर्लिनमध्ये चाललं होतं. तिथे त्याचे कायदे झाले होते, आमच्याकडे वहिवाट पुरते.

ज्यांना मूलबाळ नाही, सोयरा नाही, त्यांच्यासाठीही आपण तर्पणात तीळपाणी सोडतो. मग बोटांवरून सुटणारं ते पाणी घराच्या उंबऱ्याशीच का अडतं? चिंचपोकळीलगतच्या आर्थर रोडला साने गुरुजींचं नाव दिलंय. पंढरपूरचा विठ्ठल सगळ्यांना भेटावा म्हणून १९४७ साली ते उपाशी बसले होते.

गिरणगावातल्या गणेशमंडळांकडे माणसांची वाण नाही. पावसाळा सरला, की चिंचपोकळीच्या त्या कब्रस्तानाच्या विश्वस्तांना विचारावं, ते हो म्हणाले तर कोयते-खराटे घेऊन साफसफाईला जावं. शनिवार सोडून, तो त्यांचा शब्बाथ. बॅनर नको, सेल्फी नको. हारही नेऊ नयेत. ज्यू लोक कबरीवर लहानसा दगड ठेवतात. डोकं झाकून आत जावं आणि निघताना हात धुवावेत. आपण स्मशानातून आल्यावर धुतो, तसेच तेही धुतात.