क्षमेचा अधिकार कोणाचा?

शारजाहून पूर्वेकडे जाणारा नवा रस्ता हजर पर्वतातले बोगदे ओलांडत ओमानच्या आखाताकडे उतरतो. २०१९ मध्ये तो खुला झाल्यापासून खोर फक्कान हे दुबई-शारजाच्या लोकांना एका दिवसात जाऊन येण्याजोगे गाव झाले आहे. अर्धचंद्रासारखा वळलेला किनारा, पाठीशी तपकिरी, उघडेबोडके डोंगर आणि एका टोकाला १९७९ पासून चालू असलेले कंटेनरचे बंदर. गावाचा इतिहास मांडणारा किल्ला इथे आहे आणि पोर्तुगिजांविरुद्धच्या प्रतिकाराचे भव्य स्मारकही आहे. उत्खननात या बंदरावरच्या खडकाळ उंचवट्यांवर इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातल्या कबरी आणि वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. एवढ्या लांब इतिहासातून गावाने स्वतःची ओळख म्हणून एकच वर्ष निवडले, ते १५०७. त्या वर्षी अफोन्सो द अल्बुकर्कच्या आरमाराने हे गाव लुटले आणि जाळले. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या घावाची आठवण आज इतक्या जाणीवपूर्वक जपावी का, हा प्रश्न इथे येणाऱ्या विचारी माणसाला पडतोच. त्याच्याही खाली एक जुना धार्मिक प्रश्न आहे. मेलेल्यांवर झालेल्या अन्यायाची क्षमा जिवंतांना करता येते का?

आधी घटना पाहू. मस्कत आणि त्या किनाऱ्यावरची इतर बंदरे घेत अल्बुकर्क होर्मुझकडे निघाला होता, आणि खोर फक्कान होर्मुझच्याच राज्यातले गाव होते. त्या मोहिमेत बंदरे जाळली गेली, पकडलेल्यांची नाके-कान कापली गेली. हे अरबांनी मागाहून रचलेले आरोप नाहीत. अल्बुकर्कच्या मुलाने बापाच्या कागदपत्रांवरून लिहिलेला आणि १५५७ मध्ये लिस्बनला छापलेला ग्रंथच ते सांगतो, आणि सांगताना संकोचत नाही, कारण त्याच्या दृष्टीने हा पराक्रम होता, ईश्वरासाठी केलेल्या युद्धाचा भाग होता. याच ग्रंथात खोर फक्कानचे वर्णनही आहे: मोठे गाव, चांगली घरे, आतल्या बाजूला फळझाडांच्या बागा, हिंदुस्थानकडे जाणारे घोडे आणि गुजरातहून आलेले बडे व्यापारी. हा शेवटचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. जळालेल्या गावात आपल्या किनाऱ्यावरची माणसेही राहत होती. म्हणून हे दुसऱ्या कुणाचे दुःख आहे, आपण लांबून पाहावे, असे आपल्याला म्हणता येत नाही.

क्षमा थोर आहे यावर सर्व धर्मांचे एकमत आहे. कुराण झालेल्या इजेएवढीच परतफेड करण्याची मुभा देते आणि लगेच क्षमा करणाऱ्याला अधिक श्रेष्ठ ठरवते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत क्षमेला स्थान आहे. पण थोर गोष्ट प्रत्येकाच्या अधिकारातली असते असे नाही. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी आणि युधिष्ठिर यांचा दीर्घ वाद आहे. द्रौपदी प्रल्हाद आणि बळी यांच्या संवादाचा आधार घेऊन सांगते की सदैव तेज बरे नाही, तशी सदैव क्षमाही बरी नाही. युधिष्ठिर कश्यपाच्या गाथा सांगून क्षमेची थोरवी गातो. या वादाला सहसा तेज आणि क्षमा यांचा झगडा समजतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सभेत केसांना धरून ओढली गेली ती द्रौपदी, आणि क्षमेचा उपदेश करतो आहे तो तिला पणाला लावणारा. युधिष्ठिराचे राज्य गेले, त्याबद्दल तो दुर्योधनाला खुशाल क्षमा करो. द्रौपदीच्या अपमानाची क्षमा त्याच्या गाठीला नाहीच, मग तो ती देणार कशी? खोर फक्कानच्या वाटेवरच्या किनाऱ्यावर ज्याचे कान कापले गेले, त्याच्या वतीने आज कुणी ‘झाले गेले विसरून जाऊ’ म्हणू लागला, तर तो औदार्य दाखवत नाही. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू तो दान करतो आहे.

यावर आपल्याच परंपरेतून एक वजनदार आक्षेप येतो. पितृऋण आपण मानतो, पूर्वजांच्या वतीने श्राद्ध करतो, त्यांचे कर्ज फेडतो. मग वारसदाराला पूर्वजांच्या वतीने देता येते, तर क्षमा करता का येऊ नये? उत्तर श्राद्धाच्या विधीतच आहे. तर्पणात आपण पाणी देतो ते आपल्या ओंजळीतले. वारसाला स्वतःजवळचे देता येते, पूर्वजांचे येणे सोडून देता येत नाही. दुसऱ्या बाजूनेही असेच दिसते. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या हातून इतिहासात घडलेल्या पापांबद्दल क्षमा मागितली, आणि ती ईश्वराकडे मागितली. त्यात पळवाट होती असे काहींना वाटले. मला तो नेमकेपणा वाटतो. ज्यांच्याकडे मागायला हवी होती ती माणसे उरली नव्हती, आणि त्यांच्या जागी उभे राहून ‘केली’ म्हणण्याचा अधिकार पृथ्वीवर कुणाला नव्हता. जो अधिकार क्षमेला लागतो तोच सूडालाही लागतो. १५०७ चा सूड घेण्याचा हक्क आजच्या खोर फक्कानला नाही आणि आजच्या पोर्तुगालकडून काही वसूल करण्याचाही नाही. सूड आणि क्षमा या दोन्ही वाटा मेलेल्यांबरोबर बंद झाल्या.

मग जिवंतांकडे उरते काय? माझे उत्तर आहे, साक्ष. पण साक्ष हे सोपे काम नाही. साक्षीदाराला सोयीचे तेवढेच सांगता येत नाही. तर्पणाच्या विधीत ज्यांना कुणी आप्त उरला नाही अशांनाही पाणी दिले जाते. साक्षीलाही तोच नियम हवा, आणि इथे मराठी वाचकाने थोडे स्वतःकडे पाहायला हवे. तोच अल्बुकर्क २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोव्यात शिरला आणि त्यानंतरच्या दिवसांत त्याच्या माणसांनी तिथल्या मुसलमानांची कत्तल केली. डिसेंबरात त्याने राजा मॅन्युएलला पत्र लिहून हे अभिमानाने कळवले. या स्वारीत तिमोजा हा हिंदू सरदार त्याच्या बाजूने होता. आपल्या मनातला पोर्तुगिजांचा जुलूम मात्र बहुधा १५६० मध्ये आलेल्या इन्क्विझिशनपासून सुरू होतो आणि १७३९ मधल्या चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयापाशी येऊन सुखावतो. पणजीच्या आझाद मैदानातल्या ज्या मंडपात एके काळी अल्बुकर्कचा पुतळा होता, तिथे आता गोवामुक्तीचे नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक आहे, आणि जुन्या गोव्याच्या वस्तुसंग्रहालयात अल्बुकर्कचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. सत्तेच्या जागेवरून उतरलेल्या पुतळ्यांना संग्रहालयात ठेवणे मला योग्य वाटते. पण त्या पुतळ्यासमोर उभे राहणाऱ्या किती मराठी माणसांना १५१० च्या नोव्हेंबरातले मृत आठवतात? ते आपले नव्हते असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे. खोर फक्कानच्या गुजराती व्यापाऱ्यांबद्दल अरबांनीही तसेच ठरवले, तर त्यांच्या साक्षीला तेवढीच खोट लागेल.

दुसरा आक्षेप असा की सोळाव्या शतकाला आजचे माप लावणे अन्याय आहे. तेव्हा सगळेच तसे वागत. हे खरे नाही. १५११ च्या डिसेंबरात हिस्पॅनिओला बेटावर अंतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन साधूने स्पॅनिश वसाहतवाल्यांच्या तोंडावर त्यांच्या क्रौर्याचा निषेध केला. काळ तोच, धर्म तोच, आयबेरियाची भूमीही तीच. इस्लामी परंपरेत तर युद्धातसुद्धा शत्रूचे अवयव छाटण्याला सुरुवातीपासून मनाई आहे, आणि ती मोडणारे मुसलमान राज्यकर्तेही कमी झाले नाहीत. माप तेव्हाही होते. ते वापरायचे की नाही, हे माणसे तेव्हाही ठरवत होती आणि म्हणूनच ती जबाबदार ठरतात.

तिसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. खोर फक्कानच्या किल्ल्यातले संग्रहालय सरकारचे, स्मारक सरकारचे, आणि १५०७ चा हा इतिहास लिहिणारे डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी स्वतः शारजाचे शासक. मग ही साक्ष की राजनिष्ठेचा पाठ? शंका रास्त आहे. सत्तेला आपल्या प्रजेचा भूतकाळ एकसंध आणि शूर हवा असतो. १६२३ मध्ये खोर फक्कानवर चालून आलेले इराणी आरमार मुहम्मद सुहारी या ओमानी शेखच्या नेतृत्वाखाली होते. ‘आपण विरुद्ध परके’ या गोष्टीत तो नीट बसत नाही. पण सांगणारा सत्ताधारी आहे एवढ्यावरून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही, कागद पाहावे लागतात. याच लेखकाने १९८६ मध्ये आखातातल्या अरबांवरचा चाचेगिरीचा ब्रिटिश आरोप खोडून काढणारे पुस्तक लिहिले, तेही मुंबईच्या अभिलेखागारातल्या दप्तरांच्या आधारे. त्या आरोपावर चाललेली १८१९ ची रास अल खैमावरची मोहीम मुंबईहूनच निघाली होती आणि तिच्यात मुंबई लष्कराचे देशी शिपाई होते. म्हणजे आखाताच्या या इतिहासात आपण नुसते प्रेक्षक नाही, आणि नेहमी सोसणाऱ्यांच्याच बाजूला होतो असेही नाही. ते शिपाई हुकुमाचे ताबेदार होते हे खरे. तरी त्यांचे नाव साक्षीतून गाळता येणार नाही.

फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँने १८८२ मध्ये म्हटले होते की राष्ट्र घडायला विस्मरणही लागते. आठवणीने द्वेष वाढतो ही भीती त्यामागे आहे, आणि आपल्या उपखंडात ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण द्वेषाला वाढायला जिवंत शत्रू लागतो आणि अर्धवट गोष्ट लागते. पूर्ण गोष्ट त्याला सोयीची नसते, कारण तिच्यात प्रत्येकाचे पूर्वज कधी ना कधी चुकीच्या गलबतावर सापडतात. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी याच देशात, अबुधाबीला, पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे प्रमुख अहमद अल-तय्यिब यांनी मानवी बंधुतेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. १५०७ चे स्मारक आणि हा जाहीरनामा एकाच देशात असण्यात मला विसंगती दिसत नाही. उद्या एखादा पोर्तुगीज पर्यटक त्या स्मारकात आला, तर त्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही, आणि यजमानांनी त्याला माफ करण्याचेही नाही. दोघांच्याही हातात १५५७ चे ते लिस्बनचे पुस्तक देता येईल. ते त्याच्या भाषेत आहे, आणि खोर फक्कानच्या माणसांबद्दल, बागांबद्दल, गुजरातच्या व्यापाऱ्यांबद्दल त्यात काय लिहिले आहे ते यजमानांना मोठ्याने वाचून दाखवायला तोच अधिक योग्य आहे.