शिस्त

सांगलीला कॉलेजात असताना मी एनसीसीत होते. १९९८ च्या शिबिरात आम्हा मुलींना पॉइंट टू-टू रायफलनं पाच-पाच गोळ्या झाडायला मिळाल्या. पंचवीस मीटरवर कागद लावलेले, आम्ही पालथ्या पडलेल्या, आणि मागून उस्तादांचा खणखणीत आवाज आला, "शिस्त लो!" माझ्या शेजारच्या मुलीनं पडल्या पडल्या दोन्ही टाचा जुळवल्या. आमच्या खुसखुसण्यावरून ओरडताहेत असंच सगळ्यांना वाटलं. फौजेच्या हिंदीत शिस्त घेणं म्हणजे नेम धरणं, हे नंतर कळलं. तोवर गोळ्या संपल्या होत्या. माझ्या कागदावर दोन भोकं होती आणि त्यातलं एक शेजारणीचं असावं, असा कयास होता.

शब्द मूळचा फारसी. जुन्या मराठीतही शिस्त धरणं म्हणजे बंदुकीचा नेम धरणं होतं. मग हा शब्द रांगेत उभा राहिला, गणवेश घालून शाळेत गेला, आणि नेमाशी असलेलं त्याचं नातं आपण विसरलो. मला ते पुन्हा आठवायला सव्वीस वर्षं लागली, आणि तेही ओहायोतल्या एका मक्याच्या शेताच्या कडेला.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मिळवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, रेल्वेतली नोकरी, आणि पन्नास मीटर रायफल, तीन पोझिशन. आमच्या घरी ती फेरी तीन-चारदा पाहून झाली. माझा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आई, तू खरंच रायफल चालवली आहेस?" मी नुसतं हो म्हटलं, पाच गोळ्यांचा तपशील दिला नाही. आठवड्याभरानं त्यानं एक शिबिर शोधून आणलं: शनिवार-रविवार, नवख्यांसाठी, शिकवणारे सगळे बिनपगारी. प्रोजेक्ट ॲपलसीड हे त्याचं नाव. २००६ च्या सुमारास सुरू झालेला हा उपक्रम अमेरिकेत ठिकठिकाणी चालतो.

माझं मन तयार नव्हतं. याच मुलानं पहिलीत असताना घरी येऊन सांगितलं होतं, "आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचं शिकलो." शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं, याचा तो सराव होता. या देशात वर्षाला चाळीस हजारांहून जास्त माणसं गोळी लागून मरतात, त्यातली निम्म्याहून अधिक स्वतःच्या हातानं. अशा देशात मुलाच्या हाती आपणच रायफल द्यायची? नवऱ्यानं एकच अट घातली, की बंदूक घरी येणार नाही. ती मलाही हवीच होती. आधी कळवलं तर रायफल उसनी मिळते असं समजलं, आणि मी दोघांची नावं घातली.

ऑक्टोबरातली सकाळ होती. गवतावर इतकं दव, की सतरंजी टाकली तरी कोपरं भिजली. लाल टोपी घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ मुख्य शिक्षक होते. आयुष्यभर लेथ मशीनवर काम करून निवृत्त झालेले. इथल्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना नावानं हाक मारत. माझ्या मनात मात्र ते पहिल्या तासापासून आजोबाच होते. त्यांच्यासोबत केशरी टोपीतली एक तरुण नर्स होती. केशरी टोपी म्हणजे शिकवायला शिकणारी.

रायफलला हात लावण्याआधी चार नियम झाले. नळी नेहमी सुरक्षित दिशेला. हुकूम झाल्याशिवाय काडतूस भरायचं नाही. नेम लागेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. आणि चौथा, आपल्या आजूबाजूचे लोक हे नियम पाळताहेत ना, ते बघायचं. पहिले तीन अपेक्षितच होते. चौथ्याला मी मान वर केली. आजोबा म्हणाले, काही वावगं दिसलं तर 'सीज फायर' म्हणून ओरडायचं, मग ओरडणारा लहान असो की आज पहिल्यांदा आलेला असो. कारण नंतर विचारू, आधी सगळे थांबतील. शिस्त म्हणजे वरून खाली येणारी गोष्ट, अशा समजात मी वाढले. इथं सर्वांत धाकट्या मुलीलाही अख्खी रांग थांबवायचा अधिकार होता.

काहीही न शिकवता पहिला कागद लावला. त्यावर लाल डगल्याच्या शिपायांच्या चार आकृत्या, एकीपेक्षा दुसरी लहान. अंतर पंचवीसच मीटर, पण आकृत्या शंभर, दोनशे, तीनशे आणि चारशे यार्डांवर दिसतील तेवढ्या मापाच्या. शेवटची चिंचोक्याएवढी. खाली एक छोटी फळी. एकूण तेरा गोळ्या. माझ्या पाच लागल्या, मुलाच्या सात. कागद घडी करून जपून ठेवा, एवढंच आजोबा म्हणाले.

मग शिकवणं सुरू झालं. गोळी मधोमध लागली का, हे तिथं आधी विचारत नाहीत. पाच गोळ्या एकमेकींजवळ पडल्या का, हे बघतात. एनसीसीत त्याला ग्रुपिंग म्हणायचे. पाचही भोकं कोपऱ्यात, पण रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ असतील, तर चूक साईटची. दोन खटके फिरवले की काम झालं. पण भोकं चहूकडे विखुरली असतील तर चूक आपली, आणि तिला फिरवायचा खटका नसतो. माझी भोकं अंगणात टाकलेल्या दाण्यांसारखी होती. मी मध्य शोधत बसले होते. आजोबा म्हणाले, "मध्याचं नंतर बघू. आधी दर वेळी तेच करायला शीक."

सगळ्यात जड गेलं ते डोळ्याचं वळण मोडणं. अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसत होता, ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ. झाड नाही, फांदी नाही, फक्त लक्ष्य. इथं मला उलटं सांगत होते. मागच्या साईटचं छिद्र, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचा कागद, या तिन्ही गोष्टी डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. मग स्पष्ट काय ठेवायचं? माशी. लक्ष्य धूसर झालं तरी चालेल. माशी जरा कलली तर कागदावर त्याचा कितीतरी पट फरक पडतो. एका मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा फरक शंभर यार्डांवर जवळपास एक इंच होतो. चारशेवर चार इंच. लक्ष्य आपल्या ताब्यात नसतं. ते आहे तिथंच आहे. हातात असते ती माशी. द्रोणाचार्यांशी वाद घालायची माझी पात्रता नाही, धनुष्याची तऱ्हाही वेगळी असेल. पण मुलांना 'ध्येयावर नजर ठेव' असं सांगण्यात माझी पंधरा वर्षं गेली होती. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, मार्कांचा कागद धूसर दिसला तरी चालेल, समोरची वही स्पष्ट दिसायला हवी, हे सांगायचं राहूनच गेलं.

दुसरा धडा अंगाचा. नेम धरायचा, डोळे मिटायचे, श्वास घ्यायचा, सोडायचा, डोळे उघडायचे. माशी कागदावरून सरकलेली असते. हातानं रायफल ढकलून ती जागेवर आणणं सोपं, पण चाप दाबताना स्नायू सैल पडतो आणि नळी पुन्हा तिच्या मूळ जागी जाते. म्हणून रायफल ढकलायची नाही. कोपर तिथंच ठेवून आपण सरकायचं, कमरेपासून वळायचं, जोवर सैल अंगानं माशी आपोआप कागदावर येत नाही तोवर. ताणून धरलेली शिस्त मी घरी, कचेरीत पुष्कळ पाहिली आहे. वरचं लक्ष हटलं की ती कुठं जाते, तेही.

आणि मग तो प्रयोग, ज्यानं मला उघडं पाडलं. केशरी टोपीतली ती नर्स माझ्या शेजारी पालथी पडली. रायफल ती भरणार, झाडणार मी. खरं काडतूस भरलंय की खोटं, ते मला सांगणार नाही. पहिलं खरं होतं. दुसऱ्याला मी चाप दाबला, नुसता 'टक' आवाज झाला, आणि नळी बोटभर खाली गेली. गोळी नव्हती, धक्का नव्हता, मीच आधी दचकले होते. आवाजाच्या भीतीनं आवाजाआधीच अंग चोरणं हा माझा जुना स्वभाव. गोळीच्या धुरात आणि दणक्यात तो इतका वेळ लपून राहिला होता. ती मुलगी हसली नाही. "आता श्वास सोडून पुन्हा," एवढंच म्हणाली. आठव्या-नवव्या वेळी नळी जागेवर राहिली.

त्याच वेळी मी एक ऐकलं. आजोबा मागून हळूच तिला सांगत होते, "तू कागदाकडे बघतेस. कागद तुला काय झालं ते सांगेल. कशामुळे झालं ते तिच्या बोटात, खांद्यात आणि पापणीत आहे." मग मी दिवसभर शिक्षकांकडेच पाहत राहिले. खरंच, गोळ्या सुटत असताना एकही लाल टोपी लक्ष्याकडे वळलेली नव्हती. प्रत्येक जण कुणा ना कुणा नवख्याच्या हाताकडे बघत उभा होता. पगार नाही, पेट्रोल पदरचं, आणि निम्मा दिवस ओल्या गवतात गुडघे टेकून परक्याच्या बोटाकडे पाहणं. का करता, असं मी विचारलं. आजोबा म्हणाले, "चौथा नियम." त्यांनी ते गमतीनं म्हटलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना.

जेवणाच्या सुट्टीत ते इतिहास सांगतात. आजच्या राजकारणावर बोलायचं नाही, असा दंडक. गोष्ट १९ एप्रिल १७७५ ची. बॉस्टनहून सुमारे सातशे इंग्रज शिपाई काँकॉर्डमधला दारूगोळा जप्त करायला निघाले. वाटेत लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर कॅप्टन जॉन पार्करच्या हाताखाली सत्तर-ऐंशी गावकरी उभे होते. त्यातले आठ मेले. पण काँकॉर्डच्या पुलावर शिपायांना माघार घ्यावी लागली, आणि बॉस्टनपर्यंतच्या परतीच्या वाटेवर गावोगावची माणसं त्यांच्यावर गोळ्या झाडत राहिली. सत्तरी ओलांडलेला सॅम्युअल व्हिटमोर एकटा आडवा आला, गोळी आणि संगिनींचे वार खाऊन पडला, आणि पुढे अठरा वर्षं जगला. गोष्ट रंगते. त्या दिवशी बहुतेकांच्या हाती गुळगुळीत नळीच्या साध्या बंदुका होत्या. रायफलच्या शिबिरात सांगतात म्हणून ती गोष्ट रायफलची होत नाही, एवढं मी मनात नोंदवलं. मग आजोबांना सांगितलं, की त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्याच्या गादीसाठी रघुनाथरावांनी याच इंग्रजांशी सुरतेला तह केला, आणि मे महिन्यात गुजरातेत अडासला मराठ्यांची त्यांच्याशी लढाई झाली. त्यांनी खिशातली वही काढून 'सुरत' हे नाव माझ्याकडून दोनदा विचारून लिहून घेतलं.

रविवारी परीक्षा. चाळीस गोळ्या, अडीचशे गुण. उभ्यानं दहा गोळ्यांना दोन मिनिटं. मग उभं राहून सुरुवात, हुकूम झाला की खाली बसायचं, मध्ये मॅगझिन बदलायचं आणि पंचावन्न सेकंदांत दहा गोळ्या. मग पालथं पडून, एकदा घाईनं आणि एकदा सावकाश. दोनशे दहा झाले तर बिल्ला. मुलाचे १९४ झाले, माझे १८७. दोघांनाही बिल्ला नाही. आजोबांना तो चौथ्या शिबिरात मिळाला होता, असं त्यांनी सांगितलं. शेवटी पुन्हा तेच तेरा गोळ्यांचे लाल डगलेवाले. या वेळी माझ्या दहा लागल्या. सकाळचा आणि संध्याकाळचा, दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहायला लावतात. त्यावर कुणी काही बोलत नाही.

माझी भीती गेलेली नाही. बंदूक घरात येणार नाही, हे अजूनही ठरलेलंच आहे. त्या दोन दिवसांतली माणसं बघून या देशातला बंदुकीचा प्रश्न सुटतो, असंही मला म्हणायचं नाही. जिथं तो प्रश्न पेटतो, तिथं शेजाऱ्याच्या बोटाकडे बघणारं कुणी नसतं. एप्रिलमधल्या शिबिराला मात्र आम्ही दोघांनी नाव घातलं आहे.

परतल्यावर मी सांगलीच्या त्या मैत्रिणीला फोन केला. ती आता शाळेत शिकवते. तिला म्हटलं, "तेव्हा 'शिस्त लो' ऐकून तू टाचा जुळवल्यास आणि आम्ही हसलो. पण तूच बरोबर होतीस. आधी अंग जागेवर, मग नेम." टाचांचं तिला काहीच आठवत नव्हतं. "पण तुझ्या कागदावरची ती गोळी माझीच होती," ती म्हणाली.