हौसेचे मोल

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या परिचयाचे एक गृहस्थ संध्याकाळी आमच्याकडे आले. आष्ट्यात सांगलीच्या रस्त्यालगत त्यांचे छोटेसे गॅरेज आहे. ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि गळिताच्या हंगामात उसाच्या गाड्या यांची दुरुस्ती करून ते प्रपंच चालवितात. बराच वेळ ते गप्प बसून राहिले. त्यांची ती गंभीर मुद्रा पाहून घरी काही अघटित घडले असावे, अशी शंका आम्हांला आली. अखेर त्यांनी विचारले, ''फादर, एक जुनी फियाट विकायला आहे. घ्यावी का?''

प्रश्न ऐकून आम्हांला हसू आले. परंतु ते हसू आम्ही आवरले, हे बरे झाले. कारण जो प्रश्न माणसाची झोप उडवितो तो क्षुल्लक नसतो. त्याच्या पोटात दुसरा एखादा प्रश्न दडलेला असतो. तो कोणता, याचा शोध घेण्यात आमचे पुढचे काही आठवडे गेले. त्या शोधाची हकिकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मोटार होती प्रीमिअर पद्मिनी. कृष्णाकाठच्या एका गावात, गुरांच्या गोठ्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षे उभी होती. मालक वृद्ध शेतकरी. त्यांची मागणी पस्तीस हजारांची. ती आहे तशी दुरुस्त करावी, एवढाच आमच्या मित्राचा बेत नव्हता. तिचे मडगार्ड काढावेत, टप कापून खाली घ्यावा, रुंद चाके बसवावीत आणि मूळचे इंजिन उतरवून दुसऱ्या गाडीचे दणकट इंजिन घालावे, असे चित्र त्यांनी वहीत काढून आणले होते. अमेरिकेत अशा मोटारींना 'हॉट रॉड' म्हणतात, अशी माहितीही त्यांनी दिली.

पुढे आम्हीही या विषयाची थोडी चौकशी केली. हा छंद श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जन्मलेला नाही. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुण फोर्डच्या जुन्यापुराण्या, स्वस्तात मिळणाऱ्या मोटारी घेत. वजन कमी करण्यासाठी त्यांचे मडगार्ड आणि बॉनेट काढून टाकीत, इंजिनावर मेहनत घेत आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर त्या पळवून पाहत. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रविद्या शिकून परतलेल्या सैनिकांनी हा छंद वाढविला. १९४८ च्या जानेवारीत तर त्याला वाहिलेले मासिकही निघाले. ज्याच्या खिशात पैसा नाही पण हातात कसब आहे, अशा माणसाची ही हौस आहे.

आणि हातातील कसब म्हणाल तर आपल्या सांगली जिल्ह्याला त्याचे काय नवल? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या ओसाड माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभारला, तो याच जिल्ह्यात. ज्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी १९४४ मध्ये मुंबईत स्थापन केली, त्यांचेच नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाची हौस पुरविण्यासाठी भंगारातील भाग जोडून सुमारे साठ हजार रुपयांत एक चिमुकली जीप तयार केली. मोटारसायकलप्रमाणे किक मारली की ती चालू होई. २०२१ च्या अखेरीस तिची वार्ता देशभर पसरली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्यांचे मनापासून कौतुक केले. मात्र ही गाडी नियमांत बसत नसल्याने ती आज ना उद्या अडविली जाईल, हेही स्पष्ट सांगितले आणि तिच्या मोबदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. आमच्या मित्राच्या गॅरेजच्या भिंतीवर त्या बातमीचे कात्रण चिकटविलेले आहे.

त्या कात्रणातील अर्धीच गोष्ट त्यांनी वाचली होती, असे आम्हांला वाटले. कौतुक त्यांना स्मरत होते, इशारा विसरला होता. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, निर्मात्याने मुळात दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये वेगळी नोंदणी सुरू केली आहे. परंतु तिथेही सांगाडा, बाह्य घडण आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि अशी मोटार रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे वहीतील ती मोटार तयार झालीच, तर ती शेडमध्येच उभी राहणार, नाहीतर दर वळणावर पोलीस आहे की काय या धास्तीने चालणार. नियमाला वळसा घालून मिळणारा आनंद निर्भेळ असत नाही. शिवाय त्या नियमामागे रस्त्यावरून सायकलीने शाळेत जाणारी दुसऱ्याची मुलेही असतात. ब्रेक जुने आणि इंजिन दांडगे, अशी मोटार ही केवळ मालकाची खाजगी बाब राहत नाही.

मोटार पाहावयास आम्ही त्यांच्यासमवेत गेलो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी तिच्या आसनांपर्यंत चढले होते. वरून रंग बरा दिसत होता. आमच्या मित्राने मात्र रंगाकडे पाहिलेही नाही. ते थेट जमिनीवर पालथे झाले आणि स्क्रू-ड्रायव्हरने खालचा पत्रा टोचू लागले. अमेरिकेतील त्या जुन्या फोर्ड गाड्यांना वेगळी चासी असे. वरची बॉडी उतरविली तरी गाडी उभी राही. फियाटची गोष्ट निराळी. तिला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याची घडण हाच तिचा सांगाडा. तळाचा पत्रा गंजला की हाड गंजले. अशी मोटार वाटेल तशी कापली तर ती मधोमध वाकण्याचे भय असते. हे सारे त्यांनीच आम्हांला समजावून सांगितले, आणि सांगता सांगता त्यांचा स्वतःचा चेहरा उतरला. वृद्ध मालक खाटेवर बसून हे पाहत होते. ते एवढेच म्हणाले, ''चालवायला नेत असशील तर ने. कापायला देणार नाही.''

परतताना आम्हीच आमच्या मित्रापाशी एक गोष्ट कबूल केली. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्हीही एक जुनी मोटारसायकल घेतली होती. दोन महिन्यांत ती नीट करू आणि वाड्यावस्त्यांवर फिरू, असा उत्साह होता. तिचे भाग आम्ही सुटे केले, रॉकेलमध्ये धुतले, कागदावर क्रमाने मांडले. मग पावसाळा आला, नाताळ आला, आमची बदली झाली. ते भाग एका पोत्यात तसेच राहिले. आमच्यामागून आलेल्या धर्मगुरूंनी ते भंगारवाल्याला दिले असे पुढे कळले. थोडे पैसे बुडाले. त्याचे दुःख झाले नाही. परंतु ज्या लहान मुलाला 'पहिली फेरी तुझी' असे आम्ही वचन दिले होते, त्याची आठवण आजही आम्हांला बोचते. मनोरा बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दाखला आम्ही कितीदा वाचून दाखविला असेल. स्वतःच्या बाबतीत मात्र तो आठवला नाही. अर्धवट सोडलेल्या कामाचा भार एकट्या करणाऱ्यावर पडत नाही, हे त्या पोत्याने आम्हांला शिकविले.

मग ही हौस मुळातच त्याज्य मानावी काय? तसेही आम्हांला म्हणवत नाही. ''याचा उपयोग काय?'' हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. संत थॉमस अक्वायनस यांच्यासारख्या कठोर तत्त्वचिंतकानेही खेळ आणि विरंगुळा यांना सद्गुणांच्या विवेचनात जागा दिली आहे. शरीराला जशी विश्रांती तशी मनाला करमणूक हवी, आणि तिच्यात मर्यादा राखणे हादेखील एक सद्गुण आहे, असे ते मानतात. दिवसभर दुसऱ्यांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या माणसाला एखादे यंत्र स्वतःच्या आनंदासाठी उघडून पाहावेसे वाटले, तर त्यात पाप कसले? टाकून दिलेली वस्तू पुन्हा चालती करणे हीही सृष्टीच्या देण्याची एक प्रकारे कदरच आहे. तेव्हा प्रश्न हौसेचा नव्हता. तिची किंमत कोण देणार, हा प्रश्न होता.

आमच्या मित्राने पैशाचा हिशेब मांडला. घराची मागची खोली पक्की करण्यासाठी एक लाख साठ हजार रुपये साठविले होते. मोटार, पत्राकाम, इंजिनाचे काम, कागदपत्रे आणि पर्यावरण कर मिळून त्यांतील बहुतेक संपणार होते. आम्ही त्यांच्या पत्नीस भेटलो. त्या खोलीवरून बोलतील अशी आमची अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, ''फादर, पैशाचं मी काही बोलत नाही. खोली पुढल्या साली होईल. पण ह्यांचा एकच रविवार घरात असतो, तोही त्या गाडीखाली जाणार. मला गाडी नको असं नाही, मला रविवार हवाय.''

आम्ही कायदा तपासला, गंज तपासला, पैसा तपासला. वेळ मात्र आम्ही दोघांनीही हिशेबात धरला नव्हता. तो धरला त्या माउलीने.

पण त्यांच्याच बोलण्यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. त्यांचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. गेले वर्षभर तो वडिलांशी कामापुरतेच बोलतो. मात्र ज्या दिवशी आम्ही मोटार पाहून आलो, त्या रात्री जेवताना त्याने आपण होऊन विचारले, ''पप्पा, पिस्टन जाम झाले असतील का?'' त्या रात्री बापलेक अकरा वाजेपर्यंत बोलत बसले. हे सांगताना त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी आले. ज्या रविवारासाठी त्या झगडत होत्या, तो कदाचित त्या मोटारीखालीच सापडणार होता, हे त्यांनाही उमगत होते. म्हणूनच निर्णय अवघड झाला होता. एका बाजूला चांगले आणि दुसऱ्या बाजूला वाईट असते, तर आमची गरजच कोणाला पडली नसती.

सेमिनरीत आम्हांला विवेकाच्या तीन पायऱ्या शिकविल्या होत्या: प्रथम विचारविनिमय, मग निवाडा आणि शेवटी त्या निवाड्याची अंमलबजावणी. थॉमस तिसरीला सर्वांत महत्त्वाची मानतात. तरुणपणी आम्हांला याचे आश्चर्य वाटे. विचार केला, ठरविले, की करणे सोपेच, असा आमचा समज होता. आता कळते की पुष्कळ माणसे पहिल्या पायरीवर आयुष्यभर बसून राहतात, आणि काही तर पहिल्या दोन ओलांडून थेट तिसरीवर उडी घेतात. आमचे मित्र मनात मोटार घेऊन चुकले होते आणि केवळ आमचा होकार गोळा करण्यास आले होते, हे त्यांनीच नंतर हसत कबूल केले. आपणही सल्ला मागताना अनेकदा हेच करीत नाही काय? होकार देईल असाच माणूस आपण शोधतो.

त्यांना आम्ही 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असे सांगितले नाही. चार गोष्टी लिहून काढण्यास सांगितले. पहिली, मोटारीत नेमके काय करावयाचे आणि ते कायद्यात बसते का? दुसरी, किती रुपयांवर थांबावयाचे? तिसरी, कोणता वेळ या कामाला द्यावयाचा आणि कोणता मुळीच नाही? चौथी, काम अर्धवट सुटले तर त्या मोटारीचे काय करावयाचे? ही चौथी ओळ लिहिण्यास त्यांना पंधरा दिवस लागले.

मोटार त्यांनी घेतली. वहीतले चित्र मात्र फाडून टाकले. मूळचेच इंजिन, मूळचाच आकार. ती फक्त पुन्हा चालावी, एवढाच आता बेत आहे. रक्कम ऐंशी हजारांवर थांबणार आहे. खोलीचे निम्मे पैसे बँकेत तसेच आहेत. काम शनिवारी संध्याकाळी, मुलगा सोबत असेल तरच. रविवारी मिस्सा झाल्यावर शेडला कुलूप, आणि त्याची किल्ली त्यांच्या पत्नीकडे. पुढच्या दिवाळीपर्यंत जमले नाही तर मोटार आहे त्या स्थितीत दुसऱ्या हौशी माणसाला द्यावयाची, भंगारात नाही. तसा शब्द त्या वृद्ध शेतकऱ्याला दिला आहे.

गेल्या महिन्यात आम्ही तिकडे गेलो तेव्हा इंजिन उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवले होते. चारांपैकी दोन पिस्टन अजून जाम होते. मुलगा त्यांवर डिझेल आणि ग्रीस यांचे काहीतरी मिश्रण सोडीत होता आणि बाप बॅटरी धरून उभा होता. आम्ही आत आल्याचे दोघांच्याही ध्यानात आले नाही. ती मोटार कधी रस्त्यावर येईल की नाही, हे आम्हांला सांगता येत नाही. आमचा विचार चुकलाही असेल. पण आम्ही काही न बोलता बाहेर आलो, आणि त्या माउलीने दिलेला चहा घेत अंगणात बराच वेळ बसून राहिलो.