देवाचं नाव आणि ‘हाड’



दत्तमहाराजांच्या पायाशी असलेली चार कुत्री म्हणजे चार वेद, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्या प्राण्याला आपण उंबऱ्याच्या आत घेत नव्हतो, त्याच्यात आपल्या परंपरेने ऋग्वेद, यजुर्वेद, सामवेद आणि अथर्ववेद पाहिले. वेदाला कुत्र्याचं रूप द्यायला जी परंपरा बिचकली नाही, तिच्यात वाढलेल्या माणसाने कुत्र्याला देवाचं नाव द्यायला बिचकावं का? प्रश्न पोरकट वाटेल. पण गेल्या वर्षी आमच्या घरात यावरून चार दिवस कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. तेव्हापासून मी जमेल तसं वाचत आणि जाणत्यांना विचारत आलो आहे. त्यातलं जे हाती लागलं ते दत्तभक्तांपुढे ठेवतो.

झालं असं की नातवाने गोल्डन रिट्रीव्हर जातीचं पिल्लू आणलं. सोनेरी केसांचं, लोंबत्या कानांचं, कुणाच्याही अंगावर शेपूट हलवत जाणारं. ही जात मूळची स्कॉटलंडची. पाण्यात, झुडपात पडलेली शिकार शोधून, दात न लावता मालकापाशी परत आणायची हे त्याचं काम, म्हणून ‘रिट्रीव्हर’, म्हणजे परत आणणारा. १८६८ साली तिथल्या एका उमरावाने एका पिवळ्या कुत्र्याची आणि एका कुत्रीची जोडी लावली, तिथून ही जात सुरू झाली. त्या पहिल्या कुत्र्याचं नाव ‘नूस’ होतं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ बुद्धी. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसलो. आपल्याकडे कुत्रं म्हणजे वेद, म्हणजे ज्ञान. आणि हजारो मैलांवर, ज्याला दत्त ठाऊक नाही अशा माणसाने आपल्या कुत्र्याला बुद्धी म्हणून हाक मारली. त्याच्या पिल्लांना पुढे फुलांची नावं ठेवली, क्रोकस, प्रिमरोझ वगैरे. (एवढ्या दाट केसांचं थंड मुलखातलं जनावर आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणावं का, आणि आणल्यावर गच्चीवर बांधून ठेवावं का, हा वेगळा विषय. त्यावर माझं मत कडक आहे. पण पिल्लू आलं होतं, आता त्याचं करणं भाग होतं.)

नावं सुचवायला घरात कुणी मागे राहिलं नाही. धाकट्या नातीने सिम्बा म्हटलं, सुनेने ब्रुनो. शेजारच्या पोरांनी लिओ, ऑस्कर अशी यादीच आणली. नातू मात्र म्हणाला, “आजोबा, आपलं घर दत्ताचं. दत्ताजवळ कुत्री असतात. मग याला दत्तू म्हटलं तर काय बिघडलं?”

आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, “देवाचं नाव घेऊन त्याला हाड म्हणणार काय?”

साऱ्या वादात याहून नेमकं वाक्य मला पुढे कुठल्या ग्रंथात सापडलं नाही. पण नातवाची बाजूही सोडून देण्यासारखी नव्हती. माणसांना आपण देवाची नावं ठेवतोच की. आमच्या गल्लीत तीन दत्ता आहेत, दोन पांडुरंग, आणि मारुती किती ते मोजलं नाही. त्या मारुतीला आपण ‘मारत्या’ म्हणून ओरडतो, पांडुरंगाचा ‘पांड्या’ करतो. देवाच्या नावाची एवढी ओढाताण रोज चालते, तिथे एका मुक्या जनावराने ते नाव घेतलं म्हणून काय बाटणार?

पौर्णिमेला वाडीला जाणारी आमची चार-पाच जणांची मंडळी आहे. बसमध्ये विषय काढला तर त्यातल्या एकाने अजामिळाचं उदाहरण दिलं. भागवताच्या सहाव्या स्कंधातला हा अजामिळ वाट चुकलेला ब्राह्मण. धाकट्या मुलाचं नाव नारायण. मरणाच्या वेळी यमदूत दिसले, तसा घाबरून त्याने मुलाला हाक मारली, “नारायणा!” आणि विष्णुदूत धावून आले. “तुमचा नातू दिवसातून पन्नास वेळा कुत्र्याला दत्तू म्हणेल. अनायासे नामस्मरण होईल, बिघडलं कुठं?” बसमधले सगळे हसले, आणि बरेचसे त्याच्या बाजूनेही झाले.

मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते कळायला दोन दिवस लागले. अजामिळाने हाक मारली ती जिवाच्या ओढीने. लेकरू जवळ यावं म्हणून. नावाला बळ त्या ओढीचं होतं. आता आपण कुत्र्याला दिवसभरात काय काय म्हणतो ते आठवून बघा. बोलवायचं तर ‘यू यू’, अंगावर घालायचं तर ‘छू’, आणि हाकलायचं तर ‘हाड’. यात बोलावणं किती आणि हाकलणं किती? रस्त्यावरच्या बहुतेक कुत्र्यांना जन्मापासून मरेपर्यंत माणसाच्या तोंडून एकच शब्द ऐकू येतो. म्हटलं तर तेच त्यांचं नाव. सौभाग्यवतींचा आक्षेप कुत्र्याच्या पात्रतेवर नव्हताच. तो आमच्या जिभेवर होता.

याचा पडताळा लगेच आला. नातवाने हट्टाने दोन दिवस ‘दत्तू’ चालवलं. तिसऱ्या दिवशी पिल्लाने नवी चप्पल कुरतडली, आणि सून ओरडली, “दत्त्या मेल्या!” ओरडली आणि तिथल्या तिथे थिजली. देव्हारा समोरच होता. शिवाय पलीकडच्या दारात आमचे शेजारी उभे होते, वय सत्तरीचं, नाव दत्तात्रय. ते काही बोलले नाहीत, हसले आणि आत गेले. पण त्यांचं हसणं मला चांगलं वाटलं नाही. देव आपल्या नावाची काळजी घ्यायला समर्थ आहे. शेजारच्या माणसाचं तसं नसतं. आयुष्यभर जपलेलं नाव गल्लीत कुत्र्याच्या मागे धावताना ऐकायचं, आणि वर ‘आमच्या मनात तसं काही नव्हतं’ हेही ऐकून घ्यायचं. नाव नुसतं देवाचं नसतं, ते ज्यांनी ज्यांनी धारण केलं त्या सगळ्यांचं असतं.

मग कुत्र्याला देवाचं नाव कधीच देऊ नये काय? असंही मी म्हणणार नाही. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचं कुत्रं आठवावं. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे की महाराजांनी त्याला जरीचे कपडे आणि दागिने घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला त्याची समाधी दाखवतात. त्याचं नाव सांगतात खंड्या. खंडू, खंड्या ही आपल्या खंडोबाच्या नावाची घरगुती रूपं. म्हणजे देवाचं नाव कुत्र्याला होतं, आणि तेही छत्रपतींच्या दरबारात. पण त्या कुत्र्याला ‘हाड’ म्हणायची कुणाची छाती होती? त्या नावामागे पगडी होती. आमच्या घरी नावामागे कुरतडलेली चप्पल होती, एवढाच फरक. (रायगडावरच्या वाघ्याचा वाद मी इथे काढत नाही. तो इतिहासकारांनी निस्तरावा.)

उलट बाजूही बघण्यासारखी आहे. माणसांनी होऊन कुत्र्याचं नाव घेतल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. जेजुरीचा वाघ्या स्वतःला मल्हारीचं कुत्रं म्हणवतो. कबीराने एका दोह्यात स्वतःला रामाचा कुत्रा म्हटलं आहे, आपलं नाव मुतिया, म्हणजे आपला मोती, असं सांगितलं आहे. गळ्यात रामाच्या नावाची दोरी, आणि तो ओढेल तिकडे जायचं. एवढ्या मोठ्या संताने स्वतःसाठी निवडलेलं नाव मोती!

मी हे घरात सांगितलं आणि आमच्या पिल्लाचं नाव मोती ठरलं. सून म्हणाली, परदेशी कुत्र्याला असलं गावठी नाव लोक हसतील. लोक हसलेही. पण सोयीच्या दृष्टीनेही नाव बरं निघालं. कुत्र्याचं नाव दोन अक्षरी असावं, ‘बस’, ‘नको’ अशा हुकमाच्या शब्दांशी त्याचा घोळ होऊ नये. कबनूरला आमच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो. त्यावरून पलीकडे ऐकू जाईल असं नाव लागतं. ‘ऑस्कर’ त्या आवाजात विरघळून गेलं असतं.

नावावरून थोरपण ठरत नाही, हे सांगायला मुंबईच्या ‘झंजीर’चं उदाहरण पुरेसं आहे. तोही रिट्रीव्हरच, लॅब्रॅडोर जातीचा, मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला. सिनेमावरून ठेवलेलं नाव, अर्थ साखळी. १९९३ च्या स्फोटांनंतरच्या दिवसांत त्याने तीन हजार किलोंवर आरडीएक्स हुडकून दिलं. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. त्याच्या नाकामुळे किती घरांत माणसं संध्याकाळी जिवंत परतली, याचा हिशोब कोण करणार?

आणि महाभारतातल्या त्या कुत्र्याला तर नावच नाही. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या मागून ते चालत राहिलं. द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, ते राहिलं. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला सोड. धर्मराजाने सोडलं नाही. त्याने त्या कुत्र्याला जो शब्द लावला तो ‘भक्त’ असा आहे. भक्ताचा त्याग मी करणार नाही, असं तो म्हणाला. याच महाभारताच्या सुरुवातीला, आदिपर्वात, सरमेची कथा आहे. सरमा ही देवांची कुत्री. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पणींनी लपवलेल्या गाईंचा माग काढत ती नदी ओलांडून जाते आणि त्यांच्याशी वाद घालते. आमचं पिल्लू मादी असतं तर मी सरमा या नावासाठी हटून बसलो असतो, कारण हरवलेलं शोधणारी पहिली तीच. महाभारतात तिच्या पिल्लाला जनमेजयाच्या भावांनी यज्ञाच्या जागी विनाकारण मारलं. ते रडत आईकडे गेलं. तिने विचारलं, तू हविर्द्रव्य चाटलंस का, त्याकडे पाहिलंस तरी का? ते म्हणालं, नाही. मग तिने जाऊन राजाला जाब विचारला. कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा तिने शाप दिला. एवढा मोठा ग्रंथ, आणि त्याच्या पहिल्याच पर्वात एक कुत्री विचारते आहे की माझ्या लेकराला ‘हाड’ का केलंत.

हे वाचल्यापासून मला आपल्या उत्सवातला एक देखावा टोचतो. दत्तजयंतीला मंडपात फुलांनी सजवलेली मूर्ती, पायाशी चार कुत्री, त्यांनाही गंध, त्यांनाही फूल. आणि मंडपामागे, जिथे महाप्रसादाच्या पत्रावळ्या टाकतात तिथे, काठी घेतलेला एक कार्यकर्ता उभा. त्याचंही बरोबर आहे. पंगतीत कुत्रं शिरलं तर गोंधळ होतो, लहान मुलं असतात, चावायची भीती असते. कुत्र्यांना मंडपात घ्या असं मी म्हणत नाही. पंगती उठल्यावर दूर एका कोपऱ्यात चार पत्रावळ्यांवर थोडा भात ठेवायला किती वेळ लागतो, एवढंच विचारतो.

यात नवं काही नाही. आपल्यातल्या सत्तरी ओलांडलेल्यांना वैश्वदेव आठवत असेल. घरातलं कर्तं माणूस जेवायच्या आधी अग्नीला आहुती द्यायचं, मग भाताचे छोटे घास बाहेर नेऊन ठेवायचं, एक कावळ्याचा, एक कुत्र्यांचा. कुत्र्यांचा घास ठेवताना मंत्रात दोन नावं येतात, श्याम आणि शबल. ही यमाच्या घरची दोन कुत्री. नावांचा अर्थ बघाल तर काळ्या आणि कबऱ्या. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना पोरं ठेवतात तीच. आणि त्यातलं श्याम हे तर कृष्णाचंही नाव. चुली गेल्या, वैश्वदेव गेला, तसा तो घासही गेला. घास श्याम-शबलांच्या नावाने ठेवला जायचा, आणि खायला यायचं ते दारात जे असेल ते कुत्रं, मग त्याला नाव असो नसो.